ब्लड यांची तार आणि आपले कुलूपबंद दप्तर

गेल्या डिसेंबरात विजय दिवसाच्या निमित्ताने आमच्या संस्थेच्या सभागृहात १९७१ च्या युद्धावर एक व्याख्यान झाले. वक्ते व्यासंगी होते आणि विषयाची मांडणीही त्यांनी नेटकी केली. व्याख्यानाचा उत्तरार्ध आर्चर ब्लड या अमेरिकी मुत्सद्द्याने ढाक्याहून वॉशिंग्टनला पाठवलेल्या तारेला वाहिलेला होता. स्वतःच्याच सरकारला खडे बोल सुनावणाऱ्या त्या अधिकाऱ्याची हकीगत ऐकून सभागृहाने भरभरून टाळ्या वाजवल्या. प्रश्नोत्तरांच्या वेळी आम्ही एवढेच विचारले, की त्याच दिवसांत ढाक्यातील भारतीय उपउच्चायुक्तांनी दिल्लीला काय लिहिले होते? वक्त्यांनी प्रांजळपणे सांगितले, की ते कागद आपल्या पाहण्यात नाहीत. तेव्हा एक ज्येष्ठ सभासद उठले आणि म्हणाले, की युद्धकाळातील पत्रे हे राज्याचे गुपित असते, ते चव्हाट्यावर आणण्याची हौस देशाला परवडणारी नाही. सभागृहाने त्यांनाही टाळ्या दिल्या. आमच्या अंदाजाने पहिल्यापेक्षा किंचित अधिकच.

एकाच संध्याकाळी वाजलेल्या या दोन टाळ्यांचा मेळ आम्हांला अद्याप लावता आलेला नाही. परदेशी दूताचे पत्र उघड झाले याचा ज्यांना आनंद होतो, त्यांनाच स्वदेशी दूताचे पत्र बंद राहावे असे वाटते. हा विसंवाद एका सभेपुरता असता तर त्यावर लेखणी झिजवण्याचे कारण नव्हते. परंतु शेजारी राष्ट्रांशी असलेल्या आपल्या संबंधांविषयी सुशिक्षित मराठी समाज ज्या रीतीने विचार करतो, तिच्या मुळाशीच तो आहे असे आमचे मत झाले आहे, आणि ते सविस्तर मांडण्यासाठी हा लेखप्रपंच.

प्रथम ब्लड यांच्याविषयी, कारण ज्या माणसाचा गौरव होतो त्याने नेमके काय केले हे बहुधा अर्धेच सांगितले जाते. आर्चर केंट ब्लड यांचा जन्म १९२३ चा. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी नौदलात होते आणि १९४७ साली त्यांनी परराष्ट्र सेवेत प्रवेश केला. पेशाने ते मुत्सद्दी होते; राजकीय नेमणुकीने आलेले पाहुणे नव्हते. १९६० नंतर दोन वर्षे ते ढाक्यात होते आणि १९७० साली कॉन्सुल-जनरल म्हणून पुन्हा तेथेच आले. त्यामुळे नोव्हेंबर १९७० चे ते भयंकर चक्रीवादळ, डिसेंबरातील निवडणुकीत पूर्व पाकिस्तानच्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जागा जिंकणारा अवामी लीग पक्ष, आणि २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाका विद्यापीठावर व जुन्या शहरावर तुटून पडलेले पाकिस्तानी सैन्य, हे सारे त्यांच्या डोळ्यांदेखत घडले. परदेशी वार्ताहरांना पाकिस्तानी अधिकाऱ्यांनी एका हॉटेलात कोंडून नंतर देशाबाहेर काढले. मग ढाक्यात काय चालले आहे हे जगाला सांगू शकतील असे फार थोडे डोळे उरले; ब्लड यांच्या कचेरीतील माणसे ही त्यांपैकी.

२८ मार्चच्या तारेत त्यांनी घडणाऱ्या प्रकाराला 'निवडक वंशसंहार' असे नाव दिले. अवामी लीगचे कार्यकर्ते, विद्यार्थी, प्राध्यापक आणि हिंदू यांना वेचून मारले जात असल्याचे त्यांच्या कचेरीने कळवले. पाकिस्तानच्या हाती असलेली अमेरिकी शस्त्रे या कामी वापरली जात असल्याचेही कळवले. वॉशिंग्टन गप्प राहिले. तेव्हा ६ एप्रिल रोजी त्या कचेरीतील आणि अमेरिकेच्या मदत व माहिती खात्यांतील वीस जणांनी सही करून आपल्या सरकारच्या धोरणाशी असहमती नोंदवणारी तार पाठवली. लोकशाहीच्या दडपशाहीचा आणि अत्याचारांचा निषेध करण्यात आपले सरकार अपयशी ठरले, हा सार्वभौम राष्ट्राचा अंतर्गत प्रश्न असल्याचे सांगून आपण हात झटकले, आणि यातून आपली नैतिक दिवाळखोरीच दिसली, असा त्या तारेचा आशय आहे. गंमत अशी, की असहमती नोंदवण्याची ही अधिकृत वाट त्या परराष्ट्र खात्याने स्वतःच नुकतीच खुली केली होती. तिचा कुणी असा वापर करील, अशी मात्र त्याची कल्पना नसावी.

एवढा भाग व्याख्यानांत येतो. जो येत नाही तो आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. त्या वीस सह्यांत ब्लड यांची सही नाही. तारेखाली त्यांनी स्वतंत्र पुस्ती जोडली. या अधिकाऱ्यांच्या मतांशी आपण सहमत आहोत, पण कचेरीचे प्रमुख या नात्याने या निवेदनावर सही करणे आपल्याला उचित वाटत नाही, असे त्यांनी लिहिले. पुढे त्यांनी भावना बाजूला ठेवून निव्वळ हिशेब मांडला, की या झगड्याचा शेवट बहुधा बंगाल्यांच्या विजयात आणि स्वतंत्र बांगलादेशाच्या स्थापनेत होईल. अवामी लीगच्या मनात आज आपल्याविषयी सद्भाव आहे. ज्याची हार होण्याचा संभव अधिक, त्याची एकतर्फी पाठराखण करून हा सद्भाव गमावणे शहाणपणाचे नाही. हे त्यांनी लिहिले तेव्हा ढाका पडायला आठ महिने दहा दिवस अवकाश होता. संतापाने लिहिणारे त्या काळी पुष्कळ होते. पदाची मर्यादा पाळून, संताप आणि राष्ट्रहित यांचा स्वतंत्र हिशेब एकाच कागदावर मांडणारी माणसे विरळा, आणि व्यावसायिक मुत्सद्द्याचे वेगळेपण नेमके येथे दिसते. ब्लड यांना 'सदसद्विवेकबुद्धीचा पुतळा' करून टाकणारे लोक त्यांच्या विद्येचा अपमान करतात असे आम्हांला वाटते.

पुढची हकीगत थोडक्यात. निक्सन आणि किसिंजर संतापले. याह्याखान यांच्या मध्यस्थीने चीनशी गुप्त संधान बांधण्याचा त्यांचा खटाटोप चालू होता आणि त्याच वाटेने जुलैत किसिंजर पेकिंगला जाऊन आले. ढाक्यातील कॉन्सुलला याची गंधवार्ताही नव्हती. जूनमध्ये ब्लड यांना परत बोलावून कर्मचारी विभागातील कामावर बसवण्यात आले. त्याच वर्षी अमेरिकी परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्यांच्या संघटनेने त्यांना हर्टर पुरस्कार दिला. राजदूतपद मात्र त्यांना कधीच मिळाले नाही. त्यांच्या आठवणींचे पुस्तक २००२ साली प्रसिद्ध झाले ते ढाक्याच्या प्रकाशकाकडून. २००४ मध्ये ते निवर्तले. त्याच्या पुढच्याच वर्षी अमेरिकी परराष्ट्र खात्याने १९७१ च्या दक्षिण आशियाई पेचप्रसंगावरील कागदपत्रांचा खंड अधिकृतपणे छापला, आणि ढाक्यातील अमेरिकी केंद्राच्या ग्रंथालयाला ब्लड यांचे नाव दिले.

आता आमचा मुद्दा. ढाक्यात मार्च-एप्रिल १९७१ मध्ये काय घडले, हे आज आपण बोलतो तेव्हा साक्षीदार म्हणून कुणाला उभे करतो? अमेरिकी कॉन्सुलला. दुसरा साक्षीदार अँथनी मस्कारेन्हस, ज्यांच्या १३ जून १९७१ च्या लंडनच्या 'संडे टाइम्स'मधील वृत्तांताने जग हादरले. (हे मस्कारेन्हस जन्मले बेळगावात, एका गोमंतकीय कुटुंबात, आणि वाढले कराचीत. सीमाभागातील आमच्या किती वाचकांना हे ठाऊक आहे?) तिसरा साक्षीदार पाकिस्तानचाच हमुदुर रहमान आयोग, त्याचा पूरक अहवाल २००० सालच्या ऑगस्टात एका भारतीय नियतकालिकाने फोडला आणि त्यानंतर, डिसेंबरात, पाकिस्तानला तो खुला करावा लागला. ज्या देशाने सुमारे एक कोटी निर्वासित पोसले, ज्याचे सैन्य शेवटी ढाक्यात उतरले, ज्याची ढाक्यात कचेरी होती आणि तीत बंगाली जाणणारी माणसे होती, त्या देशाच्या दूताचा शब्द या साक्षीदारांच्या रांगेत नाही.

तो दूत होता. के. सी. सेनगुप्ता हे तेव्हा ढाक्यात भारताचे उपउच्चायुक्त होते. मार्चच्या आरंभी, म्हणजे हत्याकांडाच्या तीनेक आठवडे आधी, अवामी लीगचे ताजुद्दीन अहमद त्यांना भेटून गेले होते असे बांगलादेशी अभ्यासकांनी लिहिले आहे. प्रसंग आला तर भारत काय करील, हा प्रश्न त्या भेटीत होता. दोन शेजाऱ्यांच्या संबंधांत यापेक्षा नाजूक क्षण कोणता असेल? सेनगुप्तांनी दिल्लीला काय कळवले, दिल्लीने काय उत्तर दिले, आणि २५ मार्चच्या रात्रीनंतर, एप्रिलअखेर कचेरी बंद होईपर्यंत, त्यांनी काय पाहिले व काय लिहिले, हे आमच्यासारख्या सामान्य वाचकाला ब्लड यांच्या तारेइतके सहज वाचता यायला नको काय? ब्लड यांची तार आज शाळकरी मुलगाही घरबसल्या वाचू शकतो. सेनगुप्तांचे नावसुद्धा त्या दिवशी आमच्या सभागृहात कुणी उच्चारले नाही.

आम्ही अन्याय करू इच्छीत नाही. काहीच उघडे नाही असे म्हणणे खोटे ठरेल. हक्सर यांचे खासगी कागद दिल्लीत तीनमूर्ती भवनातील ग्रंथालयात आहेत. परराष्ट्र मंत्रालयाच्या काही फायली राष्ट्रीय अभिलेखागारात गेल्या आहेत. श्रीनाथ राघवन यांचा २०१३ चा ग्रंथ आणि स्वतः परराष्ट्र सेवेत आयुष्य घालवलेले चंद्रशेखर दासगुप्ता यांचा २०२१ चा ग्रंथ या साधनांशिवाय झालेच नसते. दासगुप्तांचे उदाहरण तर बोलके आहे. एप्रिल १९७१ मध्येच इंदिराजींना ढाक्यावर चाल करायची होती आणि माणेकशा यांनी बाणेदारपणे नकार देऊन त्यांना थोपवले, ही कथा आपल्याकडे पोथीतल्या कथेसारखी सांगितली जाते. कागद पाहून दासगुप्ता सांगतात, की घाईने चाल करण्याचा असा विचार इंदिराजींच्या मनात नव्हताच. मूठभर कागद उघडले तर एवढी रूढ कथा डळमळते. सगळे उघडले तर आणखी काय काय तपासून पाहावे लागेल! कुलपाची भीती शत्रूपेक्षा आपल्या आवडत्या कथांनाच अधिक राखते, असा संशय येतो तो येथे.

आणि मूठभर कागदांपलीकडे काय आहे? संरक्षण मंत्रालयाने १९७१ च्या युद्धाचा अधिकृत इतिहास १९९२ पर्यंत तयार करून घेतला, तो जनतेला दिला नाही; २००० साली एका वृत्तपत्राने तो लोकांपुढे ठेवला, आणि पुस्तकरूपाने विकत मिळायला त्यानंतरही दशकाहून अधिक काळ गेला. पूर्व विभागाच्या मुख्यालयातील युद्धविषयक कागद आपण १९७४ साली तेथे सूत्रे घेतली तेव्हा आधीच नष्ट करण्यात आलेले होते, असे लेफ्टनंट जनरल जेकब यांनी २०१० मध्ये सांगितले. १९६२ च्या पराभवावरील हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल साठ वर्षांनंतरही सरकारने खुला केलेला नाही. कुलदीप नय्यर यांनी माहितीच्या अधिकारात तो मागितला तेव्हा २००९ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने नकार दिला. पाच वर्षांनी नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने त्याचा मोठा भाग आपल्या संकेतस्थळावर टाकला. म्हणजे आपल्या पराभवाची मीमांसा आपण वाचायची ती परक्याच्या कृपेने, आणि शेजाऱ्याच्या देशात घडलेल्या संहाराची हकीगत वाचायची तीही परक्याच्याच कृपेने.

कायदा नाही म्हणून हे होते असेही नाही. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, १९९७ चे नियम आहेत. पंचवीस वर्षे झालेले, कायम जपायचे कागद राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवावेत असे ते सांगतात. २००५ चा माहितीचा अधिकार आहे. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धांचे दप्तर साधारणतः पंचवीस वर्षांनी खुले करण्याचे धोरणही जाहीर केले. पण प्रत्येक ठिकाणी परराष्ट्रसंबंध आणि सुरक्षा यांची पळवाट आहे, आणि परराष्ट्र खात्याचा कागद तर जन्मतःच परराष्ट्रसंबंधांचा असतो.

येथे आमच्या ज्येष्ठ सभासदांना, आणि त्यांना टाळ्या देणाऱ्या मित्रांना, एका गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. शेजाऱ्याच्या दरबारी बसून युद्धकाळात पत्रे लिहिणारा दूत ही मराठी माणसाला परकी वस्तू नाही. आपल्या इतिहासाचा अर्धा डोलारा अशा पत्रांवरच उभा आहे. दिल्लीत हिंगणे, हैदराबादेत गोविंदराव काळे, कोट्यात शिंद्यांच्या वतीने गुळगुळे हे सारे वकील होते, म्हणजे आजच्या भाषेत राजदूत, आणि पिढ्यान्पिढ्या तोच पेशा करणारे. नजीबखान काय शिजवतो आहे, वजिराचे मन कुठे झुकते आहे, निजामाच्या पदरी नवी पलटण कुणी आणली, हे सारे त्यांनी लिहिले. ते निर्दोष नव्हते. दिल्लीत हिंगणे आणि अंताजी माणकेश्वर यांची आपसांतली भांडणे आणि एकमेकांवरचे आरोपही त्या कागदांत आहेत, आणि म्हणूनच ते विश्वासार्ह आहेत. पानिपताच्या आधीच्या दहा वर्षांत आपण कुठे चुकलो हे आपल्याला कुणा इंग्रजाने प्रथम सांगितले नाही. १८९८ साली राजवाड्यांनी छापलेल्या पत्रांनी सांगितले.

आणि ही पत्रे मिळाली कशी? राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे यांच्या पिढीने गावोगावच्या माळ्यांवरून, वाळवी लागलेल्या पेटाऱ्यांतून ती उपसून काढली, कारण पुण्यातील पेशवे दप्तर इंग्रज सरकारच्या ताब्यात होते आणि रानडे-वाड यांच्यासारखे अपवाद वगळता संशोधकांना ते बंद होते. ते खुले करा म्हणून किती वर्षे अर्ज-विनंत्या चालल्या! परके सरकार आमचा इतिहास आमच्यापासून लपवते, ही त्या पिढीची तक्रार होती आणि ती न्याय्य होती. शेवटी बडोद्यात सयाजीरावांच्या सेवेत आयुष्य काढून निवृत्त झालेले रियासतकार सरदेसाई त्या दप्तरात शिरले, आणि १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड बाहेर पडले. त्या खंडांवर आमच्या, म्हणजे बृहन्महाराष्ट्रातील, किती संस्थांची कपाटे सजली आहेत! त्याच कपाटांसमोर उभे राहून, स्वराज्य मिळाल्यावर आमच्याच सरकारने आमच्याच वकिलांची पत्रे कुलपात ठेवावीत, असे जेव्हा कुणी म्हणतो तेव्हा राजवाड्यांच्या रागाचे आपण काय केले, हा प्रश्न पडतो. इंग्रजांनी दप्तर बंद ठेवले तर तो जुलूम, आणि आपण ठेवले तर ती देशभक्ती, हा न्याय आम्हांस कळत नाही.

प्रतिपक्षाचे जे आक्षेप विचारात घेण्याजोगे आहेत त्यांना बगल देणार नाही.

पहिला आक्षेप असा, की जागेवरच्या दूताला संपूर्ण चित्र दिसत नसते. ब्लड यांना चीनचे प्रकरण कुठे माहीत होते? मग अशा अर्धवट माहितीच्या पत्रांना इतके महत्त्व का द्यावे? आमचे उत्तर असे, की वॉशिंग्टनमध्ये बसलेल्यांना संपूर्ण चित्र दिसत होते हीसुद्धा त्यांची समजूतच. त्यांना पेकिंग दिसत होते, ढाका दिसत नव्हते. सव्वाआठ महिन्यांनंतर कोणाचे भाकीत खरे ठरले ते सर्वांसमोर आहे. शिवाय दूताची चूक झाली असेल तर तीही पत्र उघडल्यावरच कळणार ना?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पत्रे उघड केल्याने शेजाऱ्याशी वैर वाढते, आणि याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. सप्टेंबर १९५९ मध्ये नेहरूंनी चीनशी झालेल्या पत्रव्यवहाराची पहिली श्वेतपत्रिका संसदेपुढे ठेवली. त्यानंतर अशा पत्रिकांची मालिकाच निघाली. लोकमत भडकले, आणि पुढे वाटाघाटीत काही सोडायची वेळ आली असती तरी नेहरूंना ते अशक्य होऊन बसले. हे आम्ही मान्य करतो. परंतु तो व्यवहार चालू असलेल्या वादातला होता. शाई वाळली नव्हती. आम्ही मागतो आहोत ते पन्नास वर्षांहून जुने कागद. लिहिणारे आणि ज्यांच्याविषयी लिहिले ते बहुतेक सारे आता या जगात नाहीत. एखाद्या हयात माणसाच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या जिवाला धोका असेल तर ते नाव झाकावे. अमेरिकी खंडातही जागोजागी ओळी गाळलेल्या आहेतच. एका नावासाठी अख्खी फाईल पुरून ठेवणे ही सावधगिरी नव्हे.

तिसरा आक्षेप आमच्या एका मित्राने खासगीत घेतला. अमेरिकेला ते युद्ध परके होते, म्हणून तिला उदारपणा परवडला, असे तो म्हणाला. हे मात्र साफ चूक आहे. २००५ च्या सुमारास जे कागद आणि ध्वनिमुद्रिते खुली झाली त्यांत अमेरिकी अध्यक्ष आणि त्यांचे सल्लागार भारतीयांविषयी आणि इंदिराजींविषयी जी भाषा वापरतात ती कोणत्याही सरकारला शरमेने मान खाली घालायला लावणारी आहे. किसिंजर यांना त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त करावा लागला. त्या सरकारने छापले ते स्वतःचे वाभाडे काढणारे कागद. आम्ही अमेरिकेचे भक्त नाही. चौतीस वर्षे लावली त्यांनी, आणि ज्याने सत्य लिहिले त्याची कारकीर्द आधी कुजवली. पण छापले.

आता एक अवघड प्रश्न, जो आम्ही त्या सभेत विचारला नाही आणि विचारायला हवा होता. ब्लड आपल्याला आवडतात याचे एक कारण असे, की ते दुसऱ्याच्या पापाबद्दल बोलले. पाप आपल्या बाजूचे असते तर? १९८७ ते १९९० या काळात भारताचे सैन्य श्रीलंकेत लढत होते. सुमारे बाराशे जवान तेथे कामी आले. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफन्यातील रुग्णालयात झालेल्या हत्यांचे आरोप आपल्या सैन्यावर झाले आणि तमिळ समाज ते आजही विसरलेला नाही. त्या आठवड्यांत कोलंबोतील आपल्या उच्चायुक्तालयातून दिल्लीला काय गेले? कुणी तरुण अधिकाऱ्याने, पदाची मर्यादा पाळून का होईना, 'हे चुकते आहे' असे लिहिले असेल काय? लिहिले असेल तर तो आपला ब्लड आहे आणि आपण त्याला ओळखत नाही. लिहिले नसेल तर का नाही, हेही कळायला हवे. आरोप खोटे किंवा अतिरंजित असतील तर त्याचा पुरावासुद्धा त्याच फायलींत असणार. पंचवीस वर्षांची मुदत उलटून गेली आहे. कुलूप लावून आपण आपल्याच जवानांची बाजू मांडायची संधी घालवतो, हे देशभक्तीची व्याख्या सांगणाऱ्यांच्या ध्यानात कसे येत नाही?

ब्लड यांच्या कचेरीने बंगाल्यांकडून बिगरबंगाली बिहारी मुसलमानांवर झालेल्या अत्याचारांचीही नोंद केली होती. आपल्याकडे ती सांगितली जात नाही, बांगलादेशातही फारशी सांगितली जात नाही. पण ती नोंद त्या कागदांत आहे म्हणूनच हिंदूंना वेचून मारले गेल्याची त्यांची नोंद कुणाला उडवून लावता येत नाही. एकाच बाजूचे लिहिणाऱ्याची साक्ष न्यायालयात टिकत नाही.

हे सारे जुने उकरण्याची आताच काय गरज, असे कुणी विचारील. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तांतर झाले, शेख हसीना भारतात आल्या, आणि तेव्हापासून १९७१ चा अर्थ काय यावरच तेथे नव्याने झगडा सुरू झाला आहे. मृतांचा आकडा तीस लाख की तीन लाख, हमुदुर रहमान आयोगाने नोंदवलेला सव्वीस हजार हा आकडा किती खरा, भारत मदतीला आला की स्वार्थासाठी आला, या प्रश्नांवर नवी पिढी भांडते आहे. पाकिस्तानची पाठ्यपुस्तके आपली कथा सांगतातच. या वादात उतरताना आपल्या हातात काय आहे? त्या वेळी परराष्ट्र मंत्रालयाने 'बांगला देश डॉक्युमेंट्स' या नावाचे दोन जाडजूड खंड काढले होते, पण त्यांत भाषणे, निवेदने आणि वृत्तपत्रांतील कात्रणे आहेत. आपल्या दूतांनी आतल्या आत काय लिहिले ते नाही. भारताने स्वार्थासाठी युद्ध ओढवून घेतले असे ढाक्यातला एखादा विद्यार्थी म्हणाला, तर त्याला आपण भाषण ऐकवतो, मग भाषणावर त्याचा विश्वास बसत नाही म्हणून त्याला कृतघ्न म्हणतो. सेनगुप्तांची पत्रे त्याच्यापुढे ठेवता आली असती. त्यांत आपला स्वार्थही दिसेल, हे उघड आहे. कोणत्या राष्ट्राच्या पत्रांत तो दिसत नाही? ब्लड यांच्या पुस्तीत अमेरिकेचा स्वार्थ लख्ख लिहिलेला आहे, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, ढाक्यात त्यांच्या नावाने ग्रंथालय उभे आहे.

६ एप्रिल १९७१ या तारखेला आणखी एक गोष्ट घडली होती, तिचा उल्लेख करून हे लिखाण आवरतो. ज्या दिवशी ढाक्याहून ती तार गेली त्याच दिवशी नवी दिल्लीत पाकिस्तानी उच्चायुक्तालयातील के. एम. शहाबुद्दीन आणि अमजदुल हक या दोघा बंगाली अधिकाऱ्यांनी पाकिस्तानची नोकरी सोडून, अजून अस्तित्वातही न आलेल्या बांगलादेशाशी निष्ठा जाहीर केली. अशी उघड फारकत घेणारे ते पहिले मुत्सद्दी. शेजारच्या देशाच्या राजधानीत, बायकामुलांसह, हातात कोणताही देश नसताना. त्यांना भारताने आश्रय दिला. तो देताना कुणी काय शंका काढल्या, कुणी जबाबदारी घेतली, टिपणावर कोणाची सही होती, याची फाईल साउथ ब्लॉकच्या कारकुनाने नक्कीच बांधली असणार. ती आपल्याला अभिमान वाटावा अशीच असेल, असा आमचा अंदाज आहे. मग तीसुद्धा आपण परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकाची वाट पाहत बसूनच वाचायची काय?

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आम्ही एक ठराव मांडणार आहोत. ढाक्यातील भारतीय उपउच्चायुक्तालयाचा १ मार्च ते ३० एप्रिल १९७१ या काळातील दिल्लीशी झालेला पत्रव्यवहार राष्ट्रीय अभिलेखागारात सर्वांना पाहण्यास उपलब्ध करून द्यावा, आणि झाला असल्यास त्याची सूची प्रसिद्ध करावी, अशी विनंती संस्थेने परराष्ट्र मंत्रालयाला करावी, इतकाच तो आहे. सोबत माहितीच्या अधिकाराखालील अर्जाचा मसुदाही जोडू. दहा रुपयांचे शुल्क आम्ही स्वतः भरू. ज्येष्ठ सभासदांनी या ठरावाला विरोध करण्याचे आम्हांला आधीच कळवले आहे. त्यांनी तो सभेत, इतिवृत्तात नोंदवला जाईल अशा रीतीने करावा, एवढी आमची विनंती आहे. संस्थेचे इतिवृत्त कुलपात नाही, ते कार्यालयीन वेळेत कोणालाही पाहता येते.